नांगरावरचे घर: कॅरिबियन बेटांमध्ये शिडाच्या नौकेवर राहण्याची पूर्वतयारी

कॅरिबियन समुद्रात शिडाच्या नौकेवर राहायला जाण्याचा बेत करणारे बहुतेक जण आधी शिडांचा, वेगाचा आणि मार्गाचा विचार करतात. प्रत्यक्षात तिथे राहणारी नौका वर्षातला बराच मोठा काळ कुठल्या ना कुठल्या उपसागरात नांगर टाकून उभी असते. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायला बहुधा एक दिवस पुरतो, आणि त्यानंतर आठवडाभर किंवा त्याहून अधिक मुक्काम घडतो. म्हणून नौका निवडताना, पैसे खर्च करताना आणि कौशल्ये शिकताना एकच प्रश्न समोर ठेवावा: याने नांगरावरचे राहणे सुकर होईल का? ज्या गोष्टीचे उत्तर ‘होय’ असेल तिच्यावर सढळ हाताने खर्च करावा आणि बाकीच्या गोष्टी निदान पहिल्या वर्षी बाजूला ठेवाव्यात.

हे विवेचन पूर्व कॅरिबियनपुरते, म्हणजे व्हर्जिन बेटांपासून दक्षिणेला ग्रेनाडापर्यंत धनुष्याकार पसरलेल्या लहान बेटांच्या रांगेपुरते आहे. क्युबा, जमैका किंवा पश्चिमेकडचे अरुबा आणि कुरासाव यांचे गणित निराळे आहे. नवख्याने सुरुवात याच रांगेतून करावी, कारण येथे अंतरे कमी आहेत, वारा भरवशाचा आहे आणि दुरुस्तीची सोय वाटेत ठिकठिकाणी आहे.

ऋतू, वारा आणि बेटांची रचना

येथील वर्षाचे सरळ दोन भाग पडतात. अटलांटिक महासागरातील चक्रीवादळांचा हंगाम अधिकृतपणे १ जूनला सुरू होऊन ३० नोव्हेंबरला संपतो आणि त्याचा खरा जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत असतो. उरलेले सहा महिने, म्हणजे डिसेंबर ते मे, हा फिरण्याचा काळ. या काळात पूर्वेकडून येणारे व्यापारी वारे साधारण १५ ते २० नॉट (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, सुमारे १.८५ किलोमीटर) वेगाने दिवसरात्र वाहतात. परंतु डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत ते ईशान्येकडून येऊ लागतात आणि पुष्कळदा २५ ते ३० नॉटपर्यंत चढून आठवडाभर तसेच राहतात. तिथले लोक त्यांना ख्रिसमसचे वारे म्हणतात. नुकत्याच पोहोचलेल्या माणसाला हे वादळ वाटते, पण ते नेहमीचेच आहे, आणि अशा दिवसांत नांगर न उचलता स्वस्थ बसणे यातच शहाणपण असते.

दुसरी महत्त्वाची गोष्ट नकाशाकडे नीट पाहिल्यावर कळते. बेटांची ही रांग सरळ उत्तर-दक्षिण नाही. तिचा पूर्वेकडे आलेला फुगवटा मार्टिनिकपाशी, सुमारे ६१ अंश पश्चिम रेखांशावर आहे. ग्रेनाडा आणि अँटिग्वा ही दोन्ही त्याच्या पश्चिमेला आहेत. त्यामुळे ग्रेनाडाहून उत्तरेला मार्टिनिककडे जाताना मार्ग थोडा ईशान्येकडे झुकतो, वारा जवळजवळ समोरून लागतो आणि पश्चिमेकडे वाहणारा प्रवाह नौकेला बाजूला ढकलत राहतो. मार्टिनिकच्या पुढे मार्ग वायव्येकडे वळतो आणि तोच वारा अनुकूल होतो. यावरून वेळापत्रक आपोआप ठरते. दक्षिणेकडून निघालेल्या नौकेने ग्रेनाडा आणि ग्रेनेडाइन्स बेटांमध्ये डिसेंबर-जानेवारी घालवावा, फेब्रुवारीनंतर वारा पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून येऊ लागला की मार्टिनिक गाठावे, आणि मग ग्वादेलूप, अँटिग्वा, सेंट मार्टिन असा सोपा टप्पा घ्यावा. बार्बाडोस या रांगेत नाही. ते सेंट व्हिन्सेंटच्या पूर्वेला नव्वदहून अधिक सागरी मैलांवर, अगदी वाऱ्याच्या तोंडावर आहे. युरोपकडून महासागर ओलांडून येताना तिथे थांबणे सोयीचे असले तरी रांगेतून मुद्दाम तिकडे जाणे क्वचितच परवडते.

बेटाबेटांमधल्या खाड्या साधारण २० ते ४० सागरी मैलांच्या असतात. मार्टिनिकच्या दक्षिण टोकापासून सेंट लुशियाच्या रॉडनी बेपर्यंतचा प्रवास सकाळी निघून जेवणाच्या वेळेपर्यंत संपतो. रात्रीचा प्रवास मुख्यतः दोन-तीन टप्प्यांतच करावा लागतो. व्हर्जिन बेटे आणि सेंट मार्टिन यांच्यामधली सुमारे ८० मैलांची अॅनेगाडा खाडी हा त्यांतला सर्वांत त्रासदायक टप्पा, कारण पूर्वेकडे जाताना ती सरळ वाऱ्याविरुद्ध ओलांडावी लागते. तिच्यासाठी वारा मंदावण्याची आठवडाभर वाट पाहावी लागली तरी पाहावी.

खाडी ओलांडण्याची रीत एकदा अंगवळणी पडली की ती सर्वत्र लागू पडते. उजाडताच निघावे. बेटाच्या पश्चिम बाजूला वाऱ्याआड असताना समुद्र इतका शांत असतो की पूर्ण शीड उभारण्याचा मोह होतो. डोमिनिकासारख्या १,४०० मीटरहून उंच डोंगराच्या बेटामागे तर वारा पडून इंजिन लावावे लागते. मात्र बेटाचे टोक ओलांडताच डोंगराला वळसा घालून येणारा वारा एकदम वाढतो आणि खाडीतल्या अटलांटिकच्या लाटा अंगावर येतात. म्हणून मुख्य शीड टोकाच्या आधीच, वारा नसतानाच, एक किंवा दोन घड्या घेऊन लहान करून ठेवावे. खालच्या कप्प्यांची दारे लावावीत, खिडक्या घट्ट बंद कराव्यात आणि डिंगी, म्हणजे किनाऱ्यावर ये-जा करायची छोटी होडी, मागे ओढत न नेता वर घेऊन बांधावी. शक्य तितके पूर्वेकडे सरकत टोक ओलांडले, तर प्रवाहाने पश्चिमेला सरकण्याची भरपाई आधीच होते. दुपारी तीनपर्यंत मुक्कामी पोहोचेल असा हिशेब ठेवावा, कारण अनोळखी ठिकाणी प्रवाळ ओळखण्यासाठी सूर्य उंच आणि पाठीशी असावा लागतो. रंगीत भिंगांचा ध्रुवीकृत चष्मा घालून नाळेवर, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकावर, उभे राहिले की गडद निळे पाणी खोल, फिकट हिरवे पाणी उथळ वाळूचे आणि तपकिरी पाणी प्रवाळाचे, हा भेद स्पष्ट दिसतो.

एका बाबतीत विशेष सावध राहावे. भारतात आणि युरोपात शिकलेल्यांना बंदरात शिरताना लाल बोया (मार्ग दाखवणारी तरंगती खूण) डाव्या हाताला ठेवण्याची सवय असते. कॅरिबियनमध्ये अमेरिकी पद्धत आहे. येथे समुद्राकडून आत येताना लाल बोया उजव्या हाताला राहतो. थकलेल्या माणसाकडून संध्याकाळच्या वेळी नेमकी हीच चूक होते, त्यामुळे सुकाणूजवळ तशी चिठ्ठी चिकटवून ठेवण्यात कमीपणा मानू नये.

हवामानासाठी मायामी येथील राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्राचा अंदाज हा मूळ आधार धरावा. वाऱ्याचे नकाशे दाखवणारी अनेक अॅप सोयीची असली, तरी ती डोंगरांमुळे होणारे स्थानिक बदल दाखवत नाहीत. हिवाळ्यात वाऱ्याइतकेच लाटांच्या अंदाजाकडेही लक्ष द्यावे. उत्तर अटलांटिकमधल्या दूरच्या वादळांमुळे उठलेला उत्तरेचा उसळता समुद्र दोन-तीन दिवसांनी येथे पोहोचतो आणि एरवी तळ्यासारखी शांत असणारी पश्चिमेची नांगरस्थाने राहण्यास अयोग्य करून टाकतो.

कोणती नौका घ्यावी

दोन माणसांसाठी ३६ ते ४० फूट लांबीची, पाण्याखाली दोन मीटरपेक्षा कमी खोल जाणारी, एकाच तळाची फायबरग्लासची नौका पुरेशी असते. जोडतळाची नौका, अर्थात कॅटमरान, नांगरावर डोलत नाही, उथळ पाण्यात जाते आणि तिच्यावर जागा भरपूर असते. मात्र तिची किंमत, विमा आणि जेट्टीचे भाडे बरेच अधिक पडते, आणि तिला पाण्याबाहेर काढण्याइतके रुंद यंत्र दुरुस्तीच्या प्रत्येक यार्डात नसते. मुले बरोबर असतील तर हा खर्च सार्थ ठरतो. केवळ दोघांसाठी तो पैसा जुन्या पण सुस्थितीतल्या नौकेवर आणि तिच्या सामग्रीवर लावणे अधिक चांगले, असे माझे मत आहे.

जुन्या नौका मार्टिनिकमधले ल मारँ, सेंट मार्टिन आणि ग्रेनाडा येथे मोठ्या संख्येने विक्रीला असतात. भाड्याने चालवून निवृत्त केलेल्या नौका स्वस्त मिळतात, पण त्यांच्या इंजिनाचे तास आणि तळाला बसलेले धक्के तपासून पाहावेत. स्वतंत्र तपासनीसाकडून, नौका पाण्याबाहेर काढून, सविस्तर तपासणी करून घेतल्याशिवाय व्यवहार करू नये. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या पोलादी तारा दहा-बारा वर्षांच्या झाल्या असतील तर त्या बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत. विमा कंपन्याही हाच प्रश्न विचारतात. वर्षाच्या देखभालीसाठी नौकेच्या किमतीच्या सुमारे एक दशांश रक्कम बाजूला ठेवावी, हा जुना ठोकताळा आहे आणि तो बहुधा कमीच पडतो.

खरेदीपूर्वी शिकणे ओघानेच आले. ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनचा डे स्किपर हा नौकाप्रमुखाचा प्राथमिक किंवा त्या तोडीचा अभ्यासक्रम पूर्ण करावा, नंतर ब्रिटिश व्हर्जिन बेटांमध्ये किंवा ग्रेनेडाइन्समध्ये एक-दोन आठवडे नौका भाड्याने घेऊन पाहावी. ज्यांना त्या दोन आठवड्यांत ओले कपडे, अरुंद झोपण्याची जागा आणि जोडीदाराचा सततचा सहवास जाचू लागतो, त्यांना मोठ्या खर्चाआधीच उत्तर मिळते. डिझेल इंजिनाचे दोन दिवसांचे प्रशिक्षण मात्र कोणीही टाळू नये. गाळण्या बदलणे, इंधनातली हवा काढणे आणि समुद्राचे पाणी खेचणाऱ्या पंपाची रबरी चक्री बदलणे ही तीन कामे स्वतःला आली, तर अर्ध्याहून अधिक अडचणी जागच्या जागी सुटतात.

नांगर टाकणे

नौकेबरोबर आलेला नांगर बहुधा लहान असतो. ४० फुटांच्या नौकेसाठी निर्मात्याने सुचवलेल्यापेक्षा एक माप मोठा, रोक्ना किंवा स्पेड यांसारख्या नव्या घडणीचा नांगर, १० मिलिमीटर जाडीची ६० ते ८० मीटर साखळी आणि ती उचलणारे विजेचे रहाट घ्यावे. तेवढा खर्च झाल्यावर झोप शांत लागते. त्याखेरीज दुसरा, हलका नांगर दोरीसह तयार ठेवावा.

जागा निवडताना प्रथम वाळूचा फिकट पट्टा शोधावा. समुद्री गवतात नांगर रुतत नाही आणि गवतही उपटले जाते; प्रवाळावर नांगर टाकणे तर बहुतेक ठिकाणी गुन्हा आहे. आधीपासून उभ्या असलेल्या नौकांनी किती साखळी सोडली असेल याचा अंदाज घ्यावा, कारण वारा फिरला की प्रत्येक नौका आपल्या नांगराभोवती वर्तुळात फिरते. साखळीची लांबी मोजताना केवळ पाण्याची खोली धरू नये, तीत नाळेची पाण्यावरची उंचीही मिळवावी. पाणी ५ मीटर खोल आणि नाळ १.२ मीटर उंच असेल तर एकूण ६.२ मीटर होतात. पाचपटीने ३१ मीटर साखळी सोडावी आणि जोराचा वारा अपेक्षित असल्यास सातपट, म्हणजे ४३ मीटरच्या आसपास. या भागात भरती-ओहोटीचा फरक बहुधा अर्ध्या मीटरपेक्षाही कमी असतो, त्यामुळे कोकण किनाऱ्यावर जशी तिची चिंता करावी लागते तशी येथे करावी लागत नाही.

नौका वाऱ्याकडे तोंड करून थांबवावी, नांगर तळाला टेकेपर्यंत सावकाश सोडावा, आणि नौका मागे सरकू लागली की साखळी तिच्या मागोमाग सोडत जावे. सगळी साखळी एकाच ठिकाणी ढीग करून टाकली तर ती नांगरातच गुंतते. ठरलेली लांबी सुटल्यावर थोडा वेळ थांबून इंजिन मागच्या गतीत टाकावे, जोर हळूहळू वाढवत न्यावा आणि किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून पाहाव्यात. जोर दिला असतानाही त्या खुणा सरकल्या नाहीत तर नांगर बसला. त्यानंतर साखळीला लवचीक दोरीचा आकडा लावून ताण दोरीवर घ्यावा. अन्यथा प्रत्येक लाटेचा हिसका रहाटावर बसतो आणि रात्रभर साखळीचा आवाज झोपू देत नाही. शेवटी पाण्याखाली पाहण्याचा मुखवटा लावून पाण्यात उतरावे आणि नांगर डोळ्यांनी पाहून यावे. तिथले पाणी इतके स्वच्छ असते की ही पायरी गाळण्याला काहीही सबब नाही. रात्री डोलकाठीच्या टोकावर सर्व बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा लावावा आणि फोनमधली नांगराची सूचना चालू ठेवावी.

नाळेवरचा माणूस आणि सुकाणूवरचा माणूस यांनी हाताच्या खुणा आधी ठरवून घ्याव्यात. वाऱ्यात ओरडलेले शब्द उलटे ऐकू येतात, आणि नांगर टाकतानाची भांडणे शेजारच्या सगळ्या नौका चवीने पाहतात.

काही ठिकाणी नांगर टाकण्यास मनाई असून बांधलेले बोयेच वापरावे लागतात. सेंट लुशियातील दोन पिटाँ शिखरांच्या पायथ्याचा सागरी राखीव भाग हे त्याचे ठळक उदाहरण आहे; २००४ पासून तो परिसर जागतिक वारसास्थळ आहे. ग्रेनेडाइन्समधील टोबॅगो कीज हे सागरी उद्यान याच्या उलट अनुभव देते: समोर प्रवाळाची कड, तिच्यापलीकडे उघडा अटलांटिक, आणि नौका मात्र वाळूवर नांगरलेल्या. तिथे वारा अडवायला काहीही नाही, म्हणून अंदाज चांगला असेल तेव्हाच जावे. बोयावर बांधल्यास त्याचा दोर आणि साखळी पाण्यात उतरून तपासावी. बोया दिसायला नवा असला म्हणजे तळाशी सगळे ठीक आहे असे होत नाही.

सेंट लुशिया आणि सेंट व्हिन्सेंट येथे नौका जवळ येताच स्थानिक तरुण होडीतून समोर येतात आणि दोर बांधून देण्याची किंवा फळे आणून देण्याची तयारी दाखवतात. दर आधी ठरवावा, सुटे पैसे जवळ ठेवावेत आणि नको असेल तर हसून स्पष्ट नकार द्यावा. डोमिनिकात पोर्ट्समथला हेच काम स्थानिकांच्या संघटनेने शिस्तीत आणले आहे. ते लोक गस्तही घालतात आणि इंडियन रिव्हर नदीत, जिथे इंजिनाला मनाई आहे, वल्ह्यांच्या होडीतून नेऊन आणतात. कचरा मात्र होडीवाल्यांकडे देऊ नये, तो स्वतः किनाऱ्यावरच्या ठरलेल्या जागी न्यावा.

पाणी आणि वीज

दोन माणसांनी काटकसर केली तर दररोज माणशी १० ते १५ लिटर गोडे पाणी पुरते. समुद्रात आंघोळ करून शेवटी अंगावर थोडे गोडे पाणी घेणे आणि भांडी खाऱ्या पाण्यात घासून गोड्या पाण्यात विसळणे या सवयी लागल्या की ४०० लिटरची टाकी दोन आठवडे जाते. खारे पाणी गोडे करणारे यंत्र बसवावे की नाही, हा मुक्कामाच्या पद्धतीचा प्रश्न आहे. लोकवस्तीच्या उपसागरांत राहणाऱ्यांना जेट्टीवर पाणी मिळते, तर ग्रेनेडाइन्ससारख्या कोरड्या बेटांवर यंत्राशिवाय फार दिवस थांबता येत नाही. यंत्र असेल तर ते बंदरातल्या तेलकट पाण्यात कधीही चालवू नये. तेल आणि क्लोरीन या दोन्हींनी त्याचा मीठ गाळणारा पडदा निकामी होतो, त्यामुळे जेट्टीच्या नळाचे क्लोरीनयुक्त पाणीही कोळशाच्या गाळणीतून गेल्याशिवाय त्यात सोडू नये. काही आठवडे वापर होणार नसेल तर पडद्याला टिकाऊ द्रावण भरून ठेवावे.

विजेचा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय एकही सौर पट्टी विकत घेऊ नये. उष्ण कटिबंधात चांगला उष्णतारोधक थर असलेला फ्रिज दिवसाला सुमारे ६०० वॅट-तास वीज घेतो. उपग्रह इंटरनेटची मोठी डिश ५० ते ७५ वॅट घेते. म्हणजे ती दहा तास चालू ठेवली तर फ्रिजइतकीच वीज खाते, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. दिवे, पंखे, पंप, संगणक आणि नौकेची उपकरणे धरून आणखी ५०० वॅट-तास, आणि पाण्याच्या यंत्राचे त्यावर वेगळे. अशी रोजची गरज २,००० वॅट-तासांच्या घरात जाते. शिडाची आणि डोलकाठीची सावली लक्षात घेता ६०० वॅटच्या सौर पट्ट्या चांगल्या दिवशी सुमारे २,४०० वॅट-तास देतात. म्हणून ६०० वॅट ही किमान मर्यादा समजावी. साध्या शिसे-आम्ल बॅटऱ्या निम्म्यापेक्षा अधिक रिकाम्या करता येत नाहीत, तर लिथियम लोह फॉस्फेटच्या बॅटऱ्यांतून सुमारे ८० टक्के वीज निर्धास्त काढता येते. मात्र इंजिनाच्या जुन्या अल्टरनेटरला (बॅटरी भरणाऱ्या जनित्राला) त्या सरळ जोडल्या तर तो तापून जळू शकतो, तेव्हा हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. व्यापारी वाऱ्यांच्या प्रदेशात पवनचक्की उपयोगी पडते, पण तिचा आवाज सर्वांना सोसतोच असे नाही.

डिंगीवर पैसे वाचवू नयेत. किराणा, पाणी, डिझेल, दवाखाना, सगळे तिच्यावरूनच होते. तीन मीटरची, कडक तळ असलेली हवेची होडी आणि १० ते १५ अश्वशक्तीचे इंजिन हा व्यवहार्य संच आहे. इंजिन बंद पाडणारी सुरक्षादोरी मनगटाला बांधल्याशिवाय ते सुरू करू नये. चोरी सर्वाधिक डिंगीचीच होते, म्हणून जेट्टीवर तिला पोलादी तारेने कुलूप लावावे आणि रात्री ती पाण्यात न ठेवता दोराने वर उचलून घ्यावी. कोणत्या उपसागरात अलीकडे चोऱ्या झाल्या, याच्या नोंदी कॅरिबियन सेफ्टी अँड सिक्युरिटी नेट ही स्वयंसेवी व्यवस्था प्रसिद्ध करते. मुक्कामाआधी त्या पाहाव्यात.

कागदपत्रे आणि चलन

येथे शंभर-दोनशे मैलांत अनेक स्वतंत्र देश आणि फ्रान्स, नेदरलँड्स, ब्रिटन व अमेरिका यांचे प्रदेश येतात, आणि प्रत्येक ठिकाणी प्रवेशाची तसेच निर्गमनाची नोंद करावी लागते. देशाच्या हद्दीत शिरताना उजव्या बाजूला पिवळा झेंडा चढवावा. नोंद पूर्ण होईपर्यंत फक्त नौकाप्रमुखाने किनाऱ्यावर जावे. नोंद झाल्यावर पिवळा उतरवून त्या देशाचा झेंडा लावावा. पारपत्रे, नौकेचा नोंदणी दाखला, विम्याची प्रत, बरोबरच्या माणसांची यादी आणि मागच्या बंदराचा निर्गमन दाखला ही कागदपत्रे एकाच जलरोधक पिशवीत ठेवावीत. इंग्रजी भाषक बेटांपैकी अनेक ठिकाणी सेलक्लिअर या संकेतस्थळावर माहिती आधी भरता येते. शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी बऱ्याच कार्यालयांत जादा आकार पडतो, तेव्हा पोहोचण्याचा दिवस पाहून ठरवावा. फ्रेंच बेटांवर मात्र एखाद्या कॅफेत किंवा दुकानात ठेवलेल्या संगणकावर स्वतःच माहिती भरून, छापील कागदावर शिक्का घेऊन काही मिनिटांत काम होते.

भारतीय पारपत्रधारकांनी प्रत्येक बेटाचा नियम वेगवेगळा तपासावा, आणि एक गैरसमज आधीच दूर करावा: मार्टिनिक आणि ग्वादेलूप हे फ्रान्सचे भाग असले तरी ते शेंगेन क्षेत्रात नाहीत. साधा शेंगेन व्हिसा तिथे आपोआप चालत नाही. या प्रदेशांसाठी वैध असल्याची नोंद असलेला व्हिसा लागतो. विमानाने परतीचे तिकीट दाखवणारा प्रवासी आणि स्वतःच्या नौकेने येणारा प्रवासी यांच्यासाठी काही ठिकाणी नियम निराळे असतात, म्हणून दूतावासाला प्रश्न विचारताना ‘खाजगी नौकेने’ हा तपशील न विसरता लिहावा.

पैशाचे त्या मानाने सोपे आहे. अँटिग्वा, डोमिनिका, सेंट लुशिया, सेंट व्हिन्सेंट, ग्रेनाडा आणि आणखी काही बेटांवर पूर्व कॅरिबियन डॉलर चालतो आणि १९७६ पासून त्याचा दर एका अमेरिकी डॉलरला २.७० असा स्थिर आहे. फ्रेंच बेटांवर युरो, तर ब्रिटिश आणि अमेरिकी अशा दोन्ही व्हर्जिन बेटांवर अमेरिकी डॉलर चालतो.

स्वयंपाक, मासे आणि प्रकृती

मोठी खरेदी मार्टिनिकमध्ये करावी. फ्रेंच दुकानांत पीठ, चीज, डबाबंद जिन्नस चांगले आणि तुलनेने स्वस्त मिळतात. भाजीपाला मात्र छोट्या बेटांच्या शनिवारच्या बाजारात घ्यावा: अळूचा कंद डशीन या नावाने मिळतो, त्याच्या पानांचे कॅलालू करतात, तुरीचे ओले दाणे, कच्ची केळी, नीरफणस आणि ग्रेनाडाचे जायफळ सर्वत्र असते. मराठी स्वयंपाकघराला यांतले फारसे काही अनोळखी नाही, आणि त्रिनिदाद-ग्रेनाडाकडे हळद-जिरेही सहज मिळते. पुठ्ठ्याची खोकी नौकेवर आणू नयेत, त्यांच्या घड्यांत झुरळांची अंडी येतात. प्रेशर कुकर अवश्य न्यावा. तो गॅस वाचवतो आणि डोलत्या नौकेवर त्यातले अन्न सांडत नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो नौकेच्या तळाशी साठतो आणि एका ठिणगीने स्फोट होतो, म्हणून सिलिंडरचा कप्पा बाहेरच्या बाजूला, खाली समुद्राकडे उघडणारे छिद्र असलेला असावा आणि वापर संपताच झडप बंद करावी.

खाडी ओलांडताना मागे गळ सोडला तर माहीमाही किंवा कुपा जातीचा मासा मिळतो, आणि तो खाण्यास सुरक्षित असतो. प्रवाळाजवळचे मोठे मासे, विशेषतः बाराकुडा, खाऊ नयेत. प्रवाळावरच्या सूक्ष्म शैवालातून त्यांच्या शरीरात साठणारे सिग्वाटेरा हे विष शिजवल्याने नष्ट होत नाही, आणि रांगेच्या उत्तरेकडच्या बेटांभोवती त्याचा धोका अधिक आहे. भाल्याने मासेमारी करण्यास परदेशी व्यक्तींना अनेक बेटांवर मनाई आहे. किनाऱ्यावर मँचिनील नावाच्या झाडापासून दूर राहावे. त्याची फळे लहान हिरव्या सफरचंदासारखी दिसतात, चीक त्वचेवर फोड आणतो, आणि पावसात त्याखाली उभे राहिले तरी तोच त्रास होतो. डासांमुळे डेंग्यू पसरतो, त्यामुळे खिडक्यांना जाळ्या लावाव्यात.

ग्रेनाडाच्या उत्तरेला सुमारे आठ किलोमीटरवर किकेम जेनी हा समुद्राखालचा जिवंत ज्वालामुखी आहे. त्याच्याभोवती दीड किलोमीटरचे क्षेत्र नेहमीच निषिद्ध असते आणि हालचाल वाढली की ते पाच किलोमीटर केले जाते. उत्तरेकडच्या कॅरियाकू बेटाहून ग्रेनाडाला जाणारी सरळ वाट त्याच्या जवळून जाते, तेव्हा निघण्याआधी त्या दिवसाची सूचना पाहावी.

चक्रीवादळांच्या महिन्यांत

मे महिना संपण्यापूर्वी नौका कुठे राहणार हे निश्चित असावे. बहुतेक विमा करार या काळात नौका ठरावीक अक्षांशाच्या दक्षिणेला असावी अशी अट घालतात, म्हणून बरेच जण ग्रेनाडा किंवा त्याहून दक्षिणेला त्रिनिदादच्या शागारामास येथे नौका पाण्याबाहेर काढून ठेवतात. ग्रेनाडाला धोका कमी आहे. धोका नाही असे मात्र नाही. सप्टेंबर २००४ मध्ये आयव्हन चक्रीवादळाने ग्रेनाडाची दैना केली, आणि १ जुलै २०२४ रोजी बेरिल चक्रीवादळ पाचपैकी चौथ्या श्रेणीच्या जोराने कॅरियाकूवर आदळले. तिथल्या टायरल बेच्या खारफुटीत आश्रयाला गेलेल्या अनेक नौका तेव्हा एकमेकींवर आदळून फुटल्या. हंगाम नुकताच सुरू झाला आहे, अजून वेळ आहे, हा हिशेब त्या वर्षी चुकला. उत्तरेकडे २०१७ च्या सप्टेंबरात इर्माने बार्बुडा, सेंट मार्टिन आणि ब्रिटिश व्हर्जिन बेटे झोडपली, तर मारियाने डोमिनिका. जूननंतर तिथे नौका ठेवण्याचा विचार करू नये.

यार्डातली जागा फेब्रुवारी-मार्चमध्येच आरक्षित करावी. जागा घेताना टेकूंखालची जमीन टणक आहे का, नौका जमिनीत गाडलेल्या आकड्यांना पट्ट्यांनी आवळून बांधतात का, आणि शेजारच्या नौकांची शिडे उतरवली जातात का, हे विचारून घ्यावे; स्वतःची नौका कितीही नीट बांधली तरी शेजारची कोसळली तर उपयोग होत नाही. शिडे, छत, सौर पट्ट्या आणि वाऱ्यात पकडले जाईल असे सर्व काही उतरवून आत ठेवावे. इंधनाची टाकी भरलेली असावी, म्हणजे आत दव धरून पाणी साचत नाही. पाण्याच्या नळ्या रिकाम्या कराव्यात, इंजिनाच्या थंडाव्याच्या मार्गातून गोडे पाणी फिरवावे, फ्रिजचे दार उघडे ठेवावे, गाद्या उभ्या कराव्यात आणि सर्व कप्पे उघडे टाकावेत, नाहीतर परत येताना आत बुरशी असते. बाहेरून येणारे पाण्याचे सर्व झडप-मार्ग बंद करावेत, पण डेकवरची पाणी वाहून नेणारी छिद्रे मोकळी राहतील याची खात्री करावी, कारण पावसाळ्यात एक पान अडकले तरी बसण्याचा भाग टाकीसारखा भरतो. तळाला रंग लावण्याचे आणि दुरुस्तीचे काम यार्डाला सांगायचे असेल तर ते लेखी द्यावे, दर आणि मुदत त्यातच नमूद करावी, आणि नोव्हेंबरात नौका पाण्यात सोडण्याच्या किमान दोन आठवडे आधी स्वतः तिथे पोहोचावे.